दोन बाजूंचं उपरणं

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. नागपूरच्या होस्टेलात इंग्रज प्रिन्सिपॉलसाहेबांनी प्रत्येकाला एकच पेटी ठेवायची परवानगी दिली होती, म्हणून मी एक उपरणं योजलं. एक बाजू पांढरी, मयतीसाठी. दुसरी लाल, जरीकाठाची, लग्नासाठी. खर्च एकाचा, जागाही एकाची. सुट्टीत तापीकाठी राजपुऱ्यात घरी आलो तेव्हा धाकट्या बहिणीने ते शिवून दिलं. माझी जुनी उपरणी आईने गोधडीत घातली. मी शिकलेला असल्यामुळे कोणी शंका काढली नाही.

बहिणीला पाहायला इच्छापूरचे लोक यायचे होते. याआधी आलेली स्थळं काही ना काही कारण सांगून परत गेली होती, त्यामुळे घरात सगळे हळू बोलत होते. आदल्या दिवशी शेजारचे आजोबा वारले. मी पांढरी बाजू वर घेऊन राजघाटावर गेलो. मयतीनंतर अंगावरच्या कपड्यांसकट तापीत बुडी मारायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. उपरणं योजताना मात्र ते सुचलं नाही. पाण्यातून वर आलो तेव्हा लाल रंग पांढऱ्यात उतरला होता.

"काय भाऊ, वरातीतून आला का?" खांदेकऱ्यांपैकी एकाने विचारलं.

मी नाही म्हणालो.

आईने उपरणं घरात येऊ दिलं नाही. "घाटावरचं कापड पोरीच्या बैठकीत? कॉलेजात हेच शिकवतात का रे?" ते अंगणात दोरीवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांसमोर रिकाम्या खांद्याने बसलो. मुलाच्या वडिलांची केळीची शेती होती. ते म्हणाले, "मुलीच्या भावाच्या खांद्यावर उपरणं नाही. आमचं येणं पटलं नाही वाटतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगितलं, मयतीपासून गोधडीपर्यंत.

"शिवलं कोणी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"मी," आतून बहिणीचा आवाज आला. पसंती व्हायच्या आधी मुलीने असं बोलायचं नसतं. आईने कपाळाला हात लावला.

ते उठून अंगणात गेले. हात न लावता, वाकून त्यांनी काठ पाहिला.

"टाके पक्के आहेत. आणि ही कल्पना? तीही मुलीचीच?"

"नाही, माझी."

"मग हरकत नाही. बोलवा मुलीला."

सुपारी त्याच बैठकीत फुटली.