काळ्या डागाचा वचपा

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग ईशान्येकडच्या जंगलात होती. रँक हवालदार, काम नर्सिंग असिस्टंटचं. डॉक्टर खाली बेसला असायचे. मी मंठ्याचा, शिपाई गौतम धावड्याचा. जिल्हा एक, म्हणून जमलं. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी दादा.

तिथला आमचा दुश्मन बंदूकवाला नव्हता. झुडपात एक बारीक तांबडा किडा असतो, डोळ्याला दिसतही न्हाई. तो चावला की स्क्रब टायफसचा जंतू अंगात शिरतो. चावल्या जागी विडीनं भाजल्यासारखी काळी खपली धरते. दुखत न्हाई, म्हणून माणूस गाफील राहतो. तो हरामखोर जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घुसतो आणि तिथंच पैदास वाढवतो. मंग वाहिन्या झिरपायला लागतात, फुप्फुसात पाणी भरतं. किडा अंगाला लागू नये म्हणून आमच्या वर्द्या औषधात बुडवलेल्या असायच्या. वास यायचा, कापड चिकट व्हायचं, पण धुवायची सक्त मनाई होती.

कमांडरसाहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. गौतमला टर्नआउटचं, वर्दीच्या टापटिपीचं, भारी वेड. रिहर्सलच्या आधी त्यानं गुपचूप वर्दी साबणानं धुतली, गवतावर वाळवली आणि भाताच्या पेजेत बुडवून कडक केली. इन्स्पेक्शनच्या तोंडावर ताप आला. सिक रिपोर्ट केला तर परेडमधून नाव कटेल, म्हणून गोळ्या खाऊन गप राह्यला. परेडमध्येच कोसळला.

मी त्याचा शर्ट काढला. काखेत काळी खपली.

"वर्दी धुतली का रे?"

"वास येऊन राह्यल्ता, दादा."

रेडिओ उचलला. "बेस, एक कॅज्युअल्टी. स्क्रब टायफस वाटतोय. श्वास जोरात. ओव्हर."

"डॉक्सी दे, ऑक्सिजन लाव. धुक्यामुळं हेलिकॉप्टर न्हाई. स्ट्रेचरवर खाली आणा. ओव्हर."

डॉक्सी दिली. औषध बराबर होतं, पण उशीर झाल्ता. गौतम वाटेतच गेला.

धावड्याला त्याला मीच घेऊन आल्तो. त्याच्या आईनं, शांतामावशीनं, माझा दंड धरला. "कुणी मारलं माझ्या लेकराला? नाव सांग."

मी नाव सांगितलं.

"दिसतो का तो?"

"न्हाई, मावशी."

"मंग धरशील कसा?"

तो सवाल घेऊनच मी जंगलात परतलो. रिटायर झालो, तरी तो राग बिलकुल उतरला न्हाई. त्या जंतूला एकदा तरी हाताखाली घ्यायचंच, एवढंच डोक्यात होतं.

दरसाल पाऊस सरला की मी मावशीकडं जातो. मागच्या खेपेला ती तापानं फणफणत होती. शेळ्यांसाठी बांधावरचं गवत कापून आल्ती. "हवा बदलली, दुसरं काय!" म्हणाली. माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या सुनेला, गौतमच्या वहिनीला, म्हणालो, "अंग नीट बघ, काळी खपली आहे का."

सून बाहेर आली. "हाय की भाऊजी. कमरेला, परकराच्या नाडीखाली."

माझं टाळकंच सरकलं. लेक खाल्ला आणि आता आईपर्यंत आला! मावशीला जीपमध्ये घातलं आणि जल्दी भोकरदनचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी खपली पाह्यली आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी चालू केली. ताप हटेपर्यंत मी खाटेजवळून हललो न्हाई.

घरी आल्यावर मावशी भिंतीला टेकून बसली. "मेला का तो?"

"मेला, मावशी."

समोर गौतमचा फोटो होता, रिहर्सलच्या दिवशीचा, त्याच कडक वर्दीतला. मावशी त्याला म्हणाली, "बघ रं गौतम, तुझ्या दादानं धरला त्याला."