सातशेची कॉइल आणायला वेल्ह्याला

ज्या गाडीसाठी हा प्रवास केला, तिला आम्ही मालक लोक नुसतं 'सातशे' म्हणतो. सातशे सीसी, दोन सिलेंडर, आणि आडवी झाली तर एकट्याने उचलायची नाही इतकी जड. कंपनी ती बंद करणार की चालू ठेवणार, हे आज कुणालाच माहीत नाही. साईटवर फोटो दिसतो, पण बुकिंग उघडत नाही. शोरूमला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "वरून अजून काही आलेलं नाही." पार्ट तर येतच नाहीत.

माझी चार्जिंगची कॉइल जळाली होती. बॅटरी घरी चार्ज करायची आणि ती संपायच्या आत परत यायचं, असे दोन महिने काढले. मग आमच्या ग्रुपवर दिलीपकाकांचा मेसेज आला. काका वेल्ह्याचे, निवृत्त तलाठी. 'गुडघे गेले. गाडी रविवारी उघडायची. ज्याला जे लागेल ते न्या.'

आमच्यात एक रीत आहे. एक गाडी थांबली की तिचे पार्ट फुकट वाटायचे. मात्र पार्ट मागणाऱ्याने आपल्या गाडीची सगळी दुखणी आधी सांगायची. जी गाडी जास्त दिवस चालेल, पार्ट तिला. मी फक्त 'कॉइल' असं लिहिलं. माझं इंजिन तेल पितं, म्हणजे आतून झिजत आलंय, हे लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर कॉइल मिळाली नसती, आणि कॉइलशिवाय माझी सातशे संपलीच होती.

रविवारी सकाळी सात वाजता किकवीतून निघालो. बॅटरी वाचवायला हेडलाईटचा फ्यूज काढून खिशात ठेवला. कापूरहोळवरून आधी भोरच्या बाजूला वळलो, कारण कॉइल काढायला लागणारा पुलर उत्रोलीच्या बाळूदादांकडे होता. बाळूदादा मिस्त्री, ग्रुपच्या सगळ्या गाड्या त्यांच्या हातच्या. भाताची कापणी चालू होती. ते खाचरातूनच चिखलाचे पाय घेऊन आले आणि मागे बसले.

"इंजिन बंद करू नकोस, बाबा," ते म्हणाले. "न्हाईतर हितनंच ढकलत न्यावी लागंल."

तुम्ही जाणार असाल तर भोरवरून परत हायवेला या, चेलाडीला वळा, आणि नसरापूरला पेट्रोल भरून घ्या. पुढे रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे उकरलेला. जड गाडीने खडीवर पुढचा ब्रेक दाबू नका. नसरापूरला मिसळ खाल्ली. बरी होती, तर्री जास्त. मी ती दारात उभ्यानेच खाल्ली, एक डोळा चालू गाडीवर ठेवून.

मार्गासनीच्या पुढे राहवेना. ढकलून चालू करता येईल अशा उताराच्या तोंडाशी इंजिन बंद केलं, बाळूदादांना गाडी सरळ धरायला लावली आणि खाली वाकून इंजिनच्या तेलाची काच बघितली. मग तेलाची नोंद ठेवायच्या वहीत लिहिलं.

"किती पितीया?" बाळूदादांनी विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हंजी? वही दाव की."

मी वही खिशात घातली. पुढे तोरणा समोर आला, इतका मोठा की एरवी थांबून फोटो काढला असता. तसेच गेलो.

काकांच्या अंगणात दोन सातशे आधीच आल्या होत्या. साताऱ्याच्या भाऊंना फ्युएल पंप हवा होता, महाडच्या एकाला ब्रेकची डिस्क. काकांची गाडी मधोमध उभी, धुतलेली. त्यांची मुलगी स्नेहा, भोरच्या दवाखान्यात नर्स आहे, खाली ताडपत्री अंथरत होती. पाने तिने मापाप्रमाणे मांडले होते.

"एकदा चालू तर करा," भाऊ म्हणाले.

स्नेहानेच बटण दाबलं. अर्ध्या दाबात इंजिन लागलं. कुठे खडखड नाही, धूर नाही. आम्ही सगळे नुसते ऐकत उभे राहिलो.

"आवो काका, हिला काय धाड भरलीया? पोरगी चालवंल की," बाळूदादा म्हणाले.

"चालवतीच ती. मला दवाखान्यात तीच नेती," काका म्हणाले. "पण उद्या पाबे घाटात बंद पडली, तर पार्ट कुठनं आनायचा? त्यापरीस तुमच्या तीन तरी चालू दे."

"मी कुठं काय म्हटलं?" स्नेहा म्हणाली आणि गाडी बंद केली. "आधी टाकी काढायची ना?"

ती पाना घेऊन खाली बसली. मी बाळूदादांकडे बघितलं. ते मुद्दाम डोंगराकडे बघत होते. माझ्या गाडीचा पंप चांगला होता. डिस्क मागच्याच वर्षी बदललेली होती. मी वही काढून बाळूदादांच्या हातात दिली.

त्यांनी दोन पानं वाचली. "आरं, ही तर तेलाची भट्टी हाय! कॉइल घालून काय करनार हुतास?"

"काकांची उघडू नका," मी म्हणालो. "माझी उघडा."

काका बराच वेळ नको म्हणत राहिले. स्नेहाने ताडपत्री ओढून माझ्या गाडीखाली सरकवली. पहिला नट मीच सोडवला. बाकीचं बघवलं नाही.

काकांच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, वाल, वर ताक. वाढणं थांबत नव्हतं. बाळूदादा कामाला मागे राहिले. मी दुपारच्या एसटीने चेलाडीला आणि तिथून दुसऱ्या गाडीने किकवीला आलो. हेल्मेट सगळा वेळ मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "पावनं, एसटीला एवढं भ्यायचं न्हाई." शेजारचे हसले, मीही हसलो.

याला तीन आठवडे झाले. मी आता कामाला एसटीने जातो. कंपनीकडून अजून काही आलेलं नाही. आपण चांगलं केलं असं वाटायला हवं होतं, पण जास्त करून दमल्यासारखं वाटतं. ग्रुपमधून मी बाहेर पडणार होतो. काकांनी पडू दिलं नाही.

परवा स्टँडवर उभा असताना स्नेहाचा फोन आला. पाबे घाटात तिसरा गियर ठेवायचा की दुसरा, असं विचारत होती. मी एकेक वळण सांगत बसलो. समोरून एसटी आली आणि गेली.

"तुमचे आरसे आमच्याकडं ठेवलेत," शेवटी ती म्हणाली. "माझ्या गाडीला लावले. पण तुमच्या उंचीचे होते, मला नुसतं आभाळ दिसायचं."

"मग?"

"मग काय, फिरवले. आता रस्ता दिसतो."