बांबू फुलला

रोपवाटिकेच्या कुंपणालगतचं बांबूचं बेट आज फुललं. फुलं कसली, वाळक्या गवताच्या लोंब्या बऱ्या! पण मी असा हसलो की डोंगरापलीकडची माकडं जागी झाली असतील. या फुलण्याची वाट बघत माझे केस पिकले, गळले, आणि माझा शोधनिबंध शेवटच्या भागावाचून अडून राहिला.

बढतीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. शेजारच्या टेबलावरच्या देसाईंना शोधनिबंध अळंब्यांसारखे फुटतात. रात्री झोपले की सकाळी दोन उगवलेले.

"अहो, एकाचे चार करा," ते म्हणाले. "मुळांचा एक, काठ्यांचा एक, पानांचा, फुलांचा. सगळे तेच करतात. नाहीतर बढतीची समिती तुमचं खत करील."

"देसाई, बेटात काठ्या ढीगभर दिसतात. खाली कंदांचं जाळं एकच असतं."

"समिती खणून बघत नाही."

"मग मी कुदळ घेऊन जातो."

बांबू चाळीस-पन्नास वर्षांनी, जन्मात एकदाच फुलतो आणि वाळून जातो. गेल्या वर्षी काय छापलंस, कुणी कुणी तुझा संदर्भ दिला, असं त्याला कुणी विचारत नाही. त्याचं बी उंदीर खातात, पाखरं खातात. उरतं त्याचं रान होतं.

निबंध एकच जाईल, अख्खा. बढती गेली तर गेली. बी पिकलं की मूठभर मी खिशात टाकणार आहे. पुढचं फुलणं बघणारा अजून जन्मायचाय. त्याच्यासाठी पेरणी यंदाच करायला हवी.