एकविसावा पापड

माझी बायको पापडाच्या सावडीला गेली की वीस पापड लाटते आणि लाटणं खाली ठेवून उठते. एकविसावा लाटत नाही. हात चालत असला, गप्पा रंगल्या असल्या, तरी नाही. हे मी लोकांना अभिमानानं सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते कळत नाही. ते कळायचं तर आधी मी काय केलं होतं ते सांगावं लागेल.

आम्ही मानवतला राहतो. मी शाळेत क्लार्क. आमच्या गल्लीतल्या पाच घरच्या बायका आणि माझी बायको उन्हाळ्याचं वाळवण मिळून करतात. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. प्रत्येक बाई आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येते, आणि जिनं आपल्या घरी जेवढं केलं तेवढं तिच्या घरी जाऊन फेडते. शेतातली सावडीची पद्धत यांनी गल्लीत आणली. तिथं आजारपणाची सबब चालते, पण आजार डोळ्यांना दिसला पाहिजे. प्लास्टर, ताप, हाताला सलाईनची सुई, असं काहीतरी.

हिचं काहीच दिसत नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी मान दुखायला लागली, मग खांदे, मग कंबर, मांड्या, बोटं. नऊ तास झोपून उठली तरी दिवसभर कापूस वेचून आल्यासारखी थकलेली. भाजीत मीठ टाकलं का नाही ते आठवायचं नाही. पदराची पिन लावताना नुसता हात टेकला तरी कळवळायची. रक्त, एक्स-रे, थायरॉईड, संधिवात, सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या रिपोर्टाला राग यायला लागला. मी फारसा बोलणारा माणूस नाही, पण गल्लीत कुणी विचारलं की एवढं मात्र बोलायचो, "रिपोर्ट नॉर्मल हायत. काही न्हाई तिला." पाचही घरांत बोललो. तिच्या भावालाही तेच सांगितलं.

अशाच एका उन्हाळ्यात शेजारी थोरल्या वहिनींच्या, म्हणजे हिच्या जाऊबाईंच्या, अंगणात सावड बसली होती. ही आठ-दहा पापड लाटून उठली. वहिनी म्हणाल्या, "आगं, दुखतंय कुठं ते एका जागी तरी सांग. आज मान, उद्या कंबर. आमचं आपलं बरं हाय, दुखला तर गुडघाच दुखतो."

सगळ्या हसल्या. मी आमच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. हिनं माझ्याकडं बघितलं. मी पान उलटलं.

पुढच्या वर्षी ही सावडीला गेली नाही, आणि आमच्या अंगणात कुणी आलं नाही. आम्ही पापड दुकानातून आणले. तिनं ते सहा महिने तळलेच नाहीत.

मग दसऱ्याच्या आसपास परभणीच्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रिपोर्टाची फाईल बाजूला ठेवली आणि तिला बोलू दिलं. पाऊण तास. मग अंगठ्यानं मानेजवळ, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला हलकेच दाबून बघितलं. प्रत्येक ठिकाणी ती दचकली. "फायब्रोमायल्जिया," ते म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही शाळेत आहात ना? तुमच्या शाळेची इलेक्ट्रिक घंटा कुणी बटण न दाबता वाजायला लागली तर? घंटा खरीच वाजते. सगळ्यांना ऐकू येते. बिघाड तारेत असतो. यांचं दुखणं तसं आहे. हाडात, स्नायूत काही सापडणार नाही, पण दुखतं ते खरं. जिवाला धोका नाही. एका गोळीनं जाणारही नाही. झोप सुधारायची, रोज थोडं चालायचं, आणि बरं वाटलं म्हणून त्या दिवशी सगळं घर आवरायला काढायचं नाही." आणि रोज संध्याकाळी घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली.

बाहेर आल्यावर ती रडली. दुःखानं नव्हे. "नाव हाय त्याला," एवढंच म्हणाली.

गोळी मी मानवतला ओळखीच्या मेडिकलवरून घेतली. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणला. "सर, ही तर डोक्याची गोळी हाय. घरात सगळं ठीक हाय ना?"

त्या महिन्यात आमच्या मुलीसाठी पालमच्या एका घरातून विचारणा झाली होती. मुलगी एम.एस्सी. करून घरी होती, स्थळ नोकरीवालं होतं. मुलीची आई डोक्याच्या गोळ्या खाते, हे पालमपर्यंत पोचायला किती वेळ लागला असता? मी गोळ्या परत केल्या. त्याऐवजी तेवढ्याच आकाराच्या व्हिटॅमिनच्या घेतल्या.

पाकिटातून गोळी दाबून काढताना हिची बोटं दुखायची, म्हणून महिन्याभराच्या गोळ्या मीच काढून एका डबीत भरून ठेवायचो. त्या डबीत मी व्हिटॅमिन भरलं. एकदा नव्हे, महिन्यामागून महिना. ती रोज दिवेलागणीला एक गोळी घ्यायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या खुणेशेजारी एक टिंब काढायची. एकही टिंब चुकलं नाही. मी रोज ते टिंब बघायचो आणि तोंड धुवायला जायचो.

संक्रांतीच्या आधी गल्लीत बांगड्या भरणारी आली. गल्लीतल्या बायकांचं झालं, हिची पाळी आली. त्या बाईनं सवयीप्रमाणं हाताची बोटं आवळून मूठ लहान केली, आणि ही ओरडली. बांगडी भरली गेली नाही. बांगडीवाली म्हणाली, "मी इतक्या बायांना भरते, कुणी ओरडंना." ही तसाच हात घेऊन आत आली आणि पलंगावर बसली.

"तीन म्हैने गोळी घ्यायलेय," ती म्हणाली. "काही फरक न्हाई. म्हंजे डॉक्टरचं बी चुकलं असंल. जाऊबाई म्हणतात तेच खरं. मीच नाटकी हाय. मपलंच मन खोटं."

तिचं दुखणं मी कधीच बघू शकलो नव्हतो, पण हे दिसलं. ती स्वतःवरचा विश्वास सोडत होती, आणि तो तिच्या हातून मीच काढून घेतला होता.

मी डबी आणून तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मेडिकलवाला, पालम, व्हिटॅमिन, सगळं. बोलताना तिच्याकडं बघितलं नाही, कॅलेंडरकडं बघत होतो. शेवटी तिनं डबीचं झाकण लावलं.

दोन दिवस तिनं जेवण वाढलं, इस्त्रीचे कपडे काढून दिले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ओट्यावर बसली होती.

"मला काही न्हाई म्हणून कुठं कुठं सांगितलं तुमी?"

मी सांगितलं. पाच घरं, तिचा भाऊ.

"आन् मेडिकल. आन् पालमला न सांगता लपवलं, ते बी." ती म्हणाली. "जा. जितं जितं बोललात, तितं जाऊन सांगा. मी सांगितलं तर नाटकच वाटंल. तुमी सांगा."

मी आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन चुकलो असं म्हणालेलो नव्हतो. पहिल्या घरी चहा पिऊन विषय न काढताच परत आलो. ती ओट्यावर तशीच बसलेली होती. परत गेलो. वहिनींना घंटेचं उदाहरण दिलं तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, मग ती घंटा काढूनच ठिवा की." मी म्हणालो, काढता येत नाही, आवाज कमी करता येतो. आणि गोळ्यांचंही सांगितलं. वहिनींनी निवडायचे तांदूळ बाजूला सारले. "तिला हसलो आमी," त्या म्हणाल्या, "पण तुमी सांगितलं म्हणून हसलो."

पालमला एसटीनं गेलो. मुलाच्या आई-वडिलांना आजाराचं नाव सांगितलं, गोळी उदासीवरची असली तरी इथं दुखण्यासाठी दिलीय, ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, जेवायला घातलं, "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. मुलीला मी घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, त्यांचं जाऊ द्या. तुमी मम्मीला तीन म्हैने फसवलं, त्याचं काय?" पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला ते बरोबर वाटलं. आज ती परभणीला कॉलेजात शिकवते, आणि आईच्या औषधाची चिठ्ठी तिच्याच पर्समध्ये असते. माझ्याकडं नाही.

डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडं न बघता तिला विचारलं, "मग, आता सुरू करायचं?" ती म्हणाली, "करू. पाकीट मपल्याच हातानं उघडीन. दुखलं तर दुखलं."

गोळीनं जादू झाली नाही. झोप जराशी खोल लागायला लागली. पण खरं काम तिनं केलं. रोज सकाळी स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागली. पहिल्या आठवड्यात वळणावरच्या कडुनिंबापर्यंत, महिन्यानं त्याच्या पुढं. बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त चालायची नाही, वाईट वाटलं तरी निदान त्या कडुनिंबापर्यंत जाऊन यायची. मला वाटायचं, बरं वाटतंय तर चालावं की. ती म्हणायची, "चांगल्या दिवशीच तर चुकतो माणूस. आज दोन दिवसांचं काम केलं, की पुढचे चार दिवस पलंगावर." दुखण्याला न घाबरता त्याच्याशी इतक्या शिस्तीनं वागणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. आमच्या शाळेचं वेळापत्रकसुद्धा इतकं पाळलं जात नाही.

चैत्रात वहिनींचा निरोप आला, "उद्या पीठ भिजवायलोत. लाटणं घेऊन ये." ती गेली. खुर्चीवर बसली, पुढं उंच पाटावर पोळपाट. आणि बसतानाच सांगितलं, "मी वीस लाटीन. तेवढेच. उरलेल्या सावडीचं मपले हे पीठ कुटतील."

हे माझ्याशी ठरलं नव्हतं. पाच घरच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाह्या वर केल्या. उडदाचं पीठ तेलाचा हात लावत कुटायचं असतं, अंगणात दगडावर, मऊ होईपर्यंत. तासाभरात माझे खांदे भरून आले. वहिनींनी संधी सोडली नाही.

"भाऊजी, दुखायलंय का?"

"हो."

"कुठं? एका जागी सांगा."

अंगण हसलं. हीसुद्धा हसली. मी म्हणालो, "मपलं परवापर्यंत थांबंल, वहिनी. तिचं थांबत नाही."

त्या दिवशी तिचा हात फार छान चालत होता. पापड पातळ, गोल, कडेपर्यंत सारखे. विसावा पापड झाला. कुणीतरी म्हणालं, "आज तर चांगलं वाटायलंय की तुला. लाट अजून चार, कामून उठायलीस?" मीही मुसळ थांबवलं. मनात आलं, लाटेल. दोन वर्षांनी सगळ्यांत बसलीय, लाटेलच.

तिनं लाटणं पुसलं, पोळपाटावर आडवं ठेवलं आणि उठली. वहिनींनी तिच्या वाटणीची लाटी आपल्याकडं ओढली.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका तिला विचारायला आल्या. त्यांनाही सगळीकडं दुखायचं, त्यांचेही रिपोर्ट नॉर्मल. तिनं त्यांना घंटेचं सांगितलं, डॉक्टरांचा पत्ता दिला. आणि जाताना दोघींना एकच प्रश्न विचारला, "घरात कुणी मानतंय का तुमचं?" मी आतल्या खोलीत होतो. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

परवा सावड होऊन घरी आलो तेव्हा तिनं हाताला तेल लावलं. उद्या दुखेल का, मी विचारलं. आता मी विचारतो.

"दुखणारच," ती म्हणाली. "पण विसाचंच दुखंल."