करंगळीच तर गेली

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी म्हणायला नको. आमच्या लोहारकामाच्या शेडमध्ये गिऱ्हाइकांना वठणीवर आणायला हीच जीभ कामी यायची. दादा भट्टीसमोर उभा राहिला की त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. वहिनी तर मुळातच अबोल. ती घण मारायची.

हो, बाईमाणूस, आणि पाच किलोचा घण. लग्न होऊन आली तेव्हा इतकी बारीक होती की मी तिचं नाव काडी ठेवलं. वर्षभरात आमचा घण मारणारा गडी न सांगता दुसरीकडे कामाला लागला. दादाने आधी मला विचारलं. मी कंबर धरून बसले. कमरेला काही धाड भरली नव्हती, मला ते काम नको होतं, बस्स. काडीने काही न बोलता केस वर बांधले आणि घण उचलला. पहिला महिनाभर तिच्या तळहातांवर फोड येत होते आणि फुटत होते. कुरकुर म्हणून नाही. मी मात्र भात्यापाशी बसून, "वहिनी, अंगाला लागतंय बरं का काम," असं म्हणत होते. अशी मी.

पुढे बारा वर्षं दोघांची जोडी अशी बसली की बघत राहावं. दादा डाव्या हातातल्या सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने जिथे ठोका द्यायचा, तिथेच वहिनीचा घण पडायचा. पुन्हा ठोका, पुन्हा घण. हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली की थांबायचं. दोघं घरात भांडून आलेली असली तरी ऐरणीवर चूक नाही. सांडशी आणि घण यांच्यात वीतभर अंतर असायचं, पण दादाने कधी हात मागे घेतला नाही. वहिनीला कौतुकाचा एक शब्द त्याने दिला नाही, पण हात मागे घेतला नाही. ती त्यातच खूश होती, वेडी.

मग एकदा गाडीतून सळया उतरवताना मोळी घरंगळली आणि वहिनीच्या डाव्या हाताची करंगळी गाडीच्या लोखंडी कडेवर चिरडली. डॉक्टरांनी ती मुळापासून काढली. म्हणाले, "नशीब समजा, करंगळीवर निभावलं. चार बोटं धडधाकट आहेत." दादाला हायसं वाटलं. मला तर फारच. करंगळीचा असा उपयोग तरी काय, असं मी चार ठिकाणी बोललेही.

पट्टी सुटल्यावर वहिनी घरात कामाला लागली. टाचणी उचलायची, सुई ओवायची, कुलपात किल्ली फिरवायची, सगळं व्यवस्थित. पण ओला टॉवेल पिळला की अर्धं पाणी त्यातच राहायचं. मुठीत साखर घेतली की खालून गळायची. ती गळणाऱ्या साखरेकडे बघत उभी राहायची. मी म्हटलं, "डब्यात चमचा आहे, वहिनी."

खाणवाल्याने चाळीस जाड छन्न्या सांगितल्या तेव्हा दादाने भट्टी पेटवायचा दिवस ठरवला. आदल्या दुपारी वहिनीने मला शेडमध्ये बोलावलं. इतकं बोलताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं.

"वन्सं, घण फिरतो तेव्हा डावा हात दांड्याच्या टोकाला असतो. अंगठा वरून कडी घालतो, पहिलं बोट नुसतं वळण देतं. जोर मधलं बोट ओढतं. पण निसटू देत नाहीत ती शेवटची दोन. त्यातलं एक गेलंय. तुम्ही करंगळी उचलून धरून बघा. मला वाटतं, मी उगाच भ्यायलेय. तुम्ही सांगाल ते खरं."

मी करंगळी उचलून घण धरला आणि शेडमधल्या एका लाकडी ओंडक्यावर एक घाव घातला. दांडा तळहातात फिरला. नुसता फिरला नाही, मागच्या बाजूने सुटायलाच लागला. उजव्या हाताने आवळला म्हणून राहिला. हिची भीती खरी होती.

आणि त्याच वेळी दुसरा विचार आला. हिने नाही मारला तर कोण मारणार? नवा गडी आमच्याकडे मिळत नव्हता. दादा माझ्याकडेच वळणार होता, आणि आता कमरेचं सोंग चाललं नसतं.

"काही फरक पडत नाही," मी म्हणाले. संध्याकाळी दादालाही सांगितलं, "मी स्वतः धरून बघितला. मनातली भीती आहे तिच्या, दोन दिवसांत जाईल."

सकाळपासून नऊ छन्न्या झाल्या. वहिनी प्रत्येक घावानंतर डावा हात कपड्याला पुसत होती. मी भाता ओढत होते, मला दिसत होतं. थांबा म्हणायला एक शब्द पुरला असता. दहाव्या छन्नीला दांडा फिरला, घण तिरका उतरला आणि सांडशीवर धरलेल्या दादाच्या अंगठ्यावर पडला.

अंगठा वाचला नाही. बाकीची चारही बोटं शाबूत, तिच्यासारखीच, पण चौघांना समोरून धरणारं कुणी उरलं नाही. सांडशी राहू दे, डाव्या हाताने त्याला साधा कप उचलता येईना. भट्टी कायमची थंड झाली.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर त्याने वहिनीला एवढंच विचारलं, "तुझं लक्ष कुठे होतं?"

ती माझ्याकडे वळली. "वन्सं, त्या दिवशी तुम्ही धरून बघितला होतात. दांडा फिरला होता का, खरं सांगा यांना."

खोलीत आम्ही तिघंच होतो. दादा माझ्याकडे बघत होता. एरवी सुरीसारखी चालणारी माझी जीभ तेव्हाही चालली.

"मला तर काहीच जाणवलं नव्हतं," मी म्हणाले.

वहिनीने मान हलवली. तिला सगळं कळलं होतं, माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. पण ती दादाला काही बोलली नाही. त्यानंतर दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला. आठ महिने तिने एकाच घरात त्याची पाठ बघत काढले आणि मग आपल्या बहिणीकडे निघून गेली. तिथे कुठल्याशा खानावळीत भांडी घासते, असं ऐकलं. मी पत्र लिहायला तीनदा बसले. लाज वाटते सांगायला, तीनदाच.

आता दादाचं सगळं मी करते. रोज त्याला शर्ट घालते, कारण एका हाताने बटणं लावताना तो चिडतो आणि मग दिवसभर जेवत नाही. परवा तो आपणहून बोलला.

"तू खरं बोललीस म्हणून बरं झालं त्या दिवशी. नाहीतर मी तिचंच खरं धरलं असतं."

माझी बोटं कॉलरच्या बटणाशी होती. मी ते लावलं आणि त्याच्यासाठी चहा आणायला गेले.