मेच्या वाऱ्यात लिंबोटी आणि तिरू : बेटकास्टर, मरळ आणि एक अंगठा

मेच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात गळ टाकायला जाऊ नये, हे कळायला पंचांग लागत नाही. सकाळी दोरीवर घातलेली चादर दुपारी शेजाऱ्याच्या गच्चीवरून मागून आणावी लागते, तेवढी खूण पुरेशी आहे. तरीही आम्ही गेलो, कारण मधूनं ठरवलं होतं.

मधू माझा कॉलेजपासूनचा मित्र. नांदेडात दातांचा डॉक्टर. मी संस्कृत घेऊन शिकलो म्हणून तो मला पंडित म्हणतो, आणि एवढं शिकून शेवटी बातम्याच लिहितो म्हणून हसतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याला लकव्याचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हातही बराचसा सावरला. राहिला तो अंगठा. तो हलतो, वाकतो, पण कशाला टेकला आहे हे त्याचं त्याला समजत नाही. दवाखाना तेव्हापासून बंद. एक तरुण डॉक्टर जोडपं ती जागा भाड्यानं मागत होतं आणि महिनाअखेरीला त्यांना हो किंवा नाही सांगायचं होतं.

लकव्यावर उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचं मत होतं, “बघू.” मधूला हा शब्द मान्य नव्हता. त्यानं आपली परीक्षा आपणच काढली, आणि परीक्षक नेमलं आपल्या बेटकास्टर रिळाला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे रीळ रॉडच्या वर बसतं. गळ फेकला की त्याच्या ओढीनं रीळ गरगर फिरतं आणि दोर सुटत जातो. फिरत्या रिळावर अंगठा अलगद टेकवून ठेवायचा आणि गळ पाण्याला लागता क्षणी दाबायचा. अंगठा चुकला की गळ थांबतो, रीळ थांबत नाही, आणि सुटलेल्या दोराचा जागेवरच गोळा होतो. मधू त्याला खोपा म्हणतो. सुगरणीच्या खोप्यासारखाच दिसतो, फक्त त्यात कोणी राहू शकत नाही. समोरून वारा असला तर गळ हवेतच रेंगाळतो, आणि खोपा ठरलेला.

“अंगठ्याला कळल्याबिगर हे रीळ चालतच न्हाई,” मधू म्हणाला. “नीट गेलं तर दवाखाना उघडायचा. खोपा झाला तर जागा देऊन टाकायची. विषय संपला.”

“मग पहाटेची वेळ धरू. पहाटे वारा पडलेला असतो.”

“पंडित, पडल्या हवेत कोणीबी टाकतं. वाऱ्यात टाकला तर खरा.”

मला हे फार थोर वाटलं. इतकं की मी त्याच वाक्याचा या लेखाला मथळा करायचं ठरवलं होतं.

नांदेडहून आम्ही सकाळचं जेवण उरकून, आरामात निघालो. सुनंदावहिनींनी धपाटे आणि दह्याची चटणी बांधून दिली आणि मला म्हणाल्या, “भावजी, पाणी पाजत राहा त्याला.” लोह्यापर्यंत रस्ता चांगला आहे. लोह्यात बसस्थानकाच्या बाजूला सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, मिळते, तीस रुपयांत पोटभर. वर शेंगदाण्याचा कूट सढळ हातानं असतो. पुढे अहमदपूरच्या रस्त्याला माळाकोळीकडून लिंबोटीच्या धरणाला वळायचं. शेवटचा तुकडा कच्चा आहे. गाडी खाली बसकी असेल तर नेऊ नका. आमची होती, नेली.

धरणाचं पाणी मच्छीमार संस्थेकडे असतं. गळ टाकण्याआधी काठावर जो माणूस भेटेल त्याला विचारा, रॉडमागे शंभर रुपये द्या आणि जाळी कुठे लावली आहेत ते पाहून ठेवा. आम्हाला भेटलेले मामा झाडाखाली उपरण्यानं तोंड झाकून बसले होते. त्यांनी पैसे घेतले, मधूचं रीळ बघितलं आणि मग आभाळाकडे बघितलं.

“आज कामून आलाव? वारं लई हाय.”

“वाऱ्यासाठीच आलोय मामा.”

“असं,” मामा म्हणाले आणि पुन्हा उपरण्यात शिरले.

मे महिन्यात पाणी खूप आत गेलेलं असतं. काठाची माती भेगाळलेली, मधूनमधून शिंपल्यांचा चुरा. पश्चिमेकडून वारा असा येत होता की टोपी हातात धरून बोलावं लागे. मधूनं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, आणि वाचकांनीही हेच करावं: हलका गळ काढून जड बांधला, रिळाचा ब्रेक आवळला, वारा पाठीशी येईल अशी जागा धरली आणि रॉड डोक्यावरून न फिरवता बाजूनं, खालून झोकला. मरळ माशासाठी गळाला रबराचा बेडूक लावला होता.

पहिला खोपा झाला. त्यानं सोडवला. दुसरा झाला, तोही सोडवला. तिसऱ्याला कात्री लागली.

“झोत आला मधेच,” तो म्हणाला.

झोत आला होता, हे खरं. पुढच्या वेळी वारा फिरला होता, तेही खरं. त्यानंतर गळ जरासा हलका पडला. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होतो आणि प्रत्येक कारणाला मान डोलवत होतो. पत्रकारितेत ही सवय लागतेच.

मग मला रिळावर ओलसर लाल काहीतरी दिसलं. दोर विणलेला, पातळ, सुरीसारखा. फिरत्या रिळावर अंगठ्याची कातडी सोलली गेली होती आणि मधू पुढचा नेम धरून राहिला होता.

“मधू, अंगठा बघ.”

त्यानं बघितला. तो अंगठा दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं बघितलं. मग रुमाल गुंडाळला.

“ब्रेडेड दोर हाय. कापतोच.”

“दुखलं नाही?”

“ध्यान गळाकडं होतं.”

मामांनी उपरणं बाजूला करून आमच्याकडे एकदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत मासा मिळाला नाही. त्या उद्योगात मासा हा विषयच राहिला नव्हता.

मुक्काम अहमदपूरला. लॉज साधा, पंखा जोरात, आठशे रुपये. जेवायला झुणका, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, दोघांचे दोनशे साठ. मधूनं भाकरी डाव्या हातानं मोडली. मी बातम्यांबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंदवरून उदगीरच्या रस्त्याला लागलो. वाटेत हाळी-हंडरगुळी. इथल्या जनावरांच्या बाजाराला लांबलांबून लोक येतात. आम्ही गेलो त्या दिवशी बाजार नव्हता, नुसते खुंटे होते. जवळच तिरूचं धरण. हिवाळ्यात आलात तर पक्षी बघायला मिळतील. आम्हाला दुपारभर वारा बघायला मिळाला. त्याचं वर्णन कालच्यासारखंच, फक्त अंगठ्याला पट्टी होती. रात्री उदगीरला राहिलो. उदगीरच्या बाजारात मराठी, उर्दू आणि कन्नड एकाच वाक्यात ऐकू येतात आणि भाव मात्र तिन्ही भाषांत सारखाच असतो.

तिसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली, ती शांततेनं. खिडकीचं दार आपटत नव्हतं. खाली निंबाचं एक पान हलत नव्हतं. मी मधूला उठवलं.

“मधू, वारा पडलाय. चल तिरूला.”

तो उठून बसला. त्यानं निंबाकडे बघितलं.

“चहा घेऊ.”

चहा घेतला. मग इडली घेतली. उदगीरला इडली मऊ मिळते आणि चटणी तिखटजाळ. जरूर खा, चाळीस रुपये प्लेट. मग त्याला अजून एक चहा हवा झाला. मग पेट्रोल. टाकी अर्धी भरलेली होती. पंपावर त्यानं चारही चाकांची हवा तपासून घेतली आणि पाचव्या चाकाचीही.

तिरूच्या काठावर पोहोचलो तेव्हाही पाणी आरशासारखं होतं. काठाजवळ मरळीनं पाणी फोडलं, तो आवाज स्पष्ट ऐकू आला. संस्थेचे शेषेराव नावाचे मच्छीमार थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळी उचलून नुकतेच आले होते. आदल्या दिवशी त्यांनी आमची दुपार पाहिली होती.

“आज टाका डॉक्टरसाहेब. अशी टाइम पुन्हा न्हाई गावायची.”

“टाकतो, टाकतो. पाणी जरा तापू द्या.”

“तापल्यावर मासा खाली जातो की.”

मधू हसला आणि रॉड पुसायला बसला. रॉड पुसून झाल्यावर रीळ पुसलं. शेषेराव जाळी झटकत मला हळूच म्हणाले, “तुमचे दोस्त कशाची वाट बघून राहिलेत?”

न्यायशास्त्रात, म्हणजे संस्कृतातल्या तर्कशास्त्रात, एक साधी कसोटी आहे. धुराचं कारण आग, हे सिद्ध करायचं तर आग असताना धूर असतो एवढं दाखवून भागत नाही. आग नसताना धूर नसतो हेही दाखवावं लागतं. खोप्याचं कारण वारा, असं म्हणायचं तर वारा नसताना गळ टाकून बघावा लागेल. इतकं सोपं. मी विशीत हे पाठ केलं होतं आणि पन्नाशीत तीन दिवस त्या मित्राशेजारी बाटली घेऊन उभा होतो ज्यानं हीच कसोटी टळावी म्हणून मे महिना निवडला होता, दुपार निवडली होती आणि पाचव्या चाकाची हवा तपासली होती.

“मधू, टाक आता,” मी म्हणालो. “एकच टाक.”

“तू परीक्षक हाईस का?”

“नाही.”

“मग बस की गपचूप.”

मी बसलो. शेषेरावही बसले. आम्ही तिघं पाण्याकडे बघत बसलो, लग्नात उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट बघावी तसे. ऊन चढलं. मग पलीकडच्या काठावर धुरळा उठला, पाण्यावर शहारे आले, आणि मधू उठला.

खोपा. कात्री. खोपा. मग एकदा, कसा कोण जाणे, बेडूक सरळ गेला, लांब गेला आणि टप्प करून पडला. दोर ताठ. रीळ मोकळं.

“बघितलंस?” मधूचा आवाज फुटला होता. “एवढ्या वाऱ्यात. बघितलंस का नाही?”

“बघितलं.”

“शेषेराव, बघितलं ना?”

“हाव, गेला की,” शेषेराव म्हणाले आणि जाळं खांद्यावर टाकून निघाले.

मधूनं पुन्हा टाकला नाही. रॉडचे भाग सुटे करून पिशवीत घातले, अगदी झटपट.

परत येताना जळकोट, जांब, कंधार असा रस्ता धरला. मधू खुशीत होता. दवाखान्यात नवी खुर्ची घ्यायची का जुनीच दुरुस्त करायची, हे तो माझ्याशी बोलत होता. कंधारच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली.

“सकाळी कामून टाकला नाहीस?”

“तुला रॉड धरता येतो का, पंडित?”

“नाही.”

“मग ज्यातलं कळत न्हाई त्यात बोलू नको.” मग वेगळ्या आवाजात म्हणाला, “तीस वर्षं हात चालवला. आता त्या पोरांना किल्ली देऊन घरी भिंतीकडं बघत बसू? सांग ना. तू बसशील?”

मी गाडी सुरू केली.

घरी वहिनी दारातच होत्या. “उघडायचा दवाखाना,” त्यानं अंगणातूनच सांगितलं. त्यांनी आधी पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी डिकीतलं सामान काढण्यात गुंतलो. सामान थोडंच होतं.

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी: दोन मुक्काम, पेट्रोल, जेवणखाण आणि संस्थेचे पैसे धरून दोघांना साडेपाच हजारांच्या आत जमतं. लिंबोटीपेक्षा तिरूचा काठ गळाला सोयीचा. बेटकास्टर नवीन असेल तर वाऱ्याच्या दिवसांत नेऊच नका, साधं रीळ न्या. आणि न्यायचाच असेल, तर पहाटे जा.

दवाखाना जूनमध्ये उघडला. मोबाइलवर पाटीचा फोटो आला, हार घातलेला. खाली अभिनंदनाची रांग. मीही दोन जोडलेले हात पाठवले. ते जोडपं आता नांदेडातच तरोड्याकडे जागा शोधतंय असं ऐकलं. मधूकडे पेशंट जातात. काय होतं ते मी विचारत नाही, आणि तो फोन करतो तेव्हा आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो.

मागच्या आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. चार दिवस लवंग धरली. पाचव्या दिवशी मधूच्या गल्लीवरून जाणारा रस्ता टाळून, लांबचा वळसा घेऊन, एका नव्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. आरसा आत घालून तिनं बराच वेळ पाहिलं.

“काका, ही बाजूची दाढ कुणी भरली? किती वर्षं झाली?”

मी बोटांनी पंधरा दाखवले.

“काय हात आहे हो,” ती म्हणाली. “अजून रेघसुद्धा दिसत नाही. मग त्यांच्याकडेच का नाही गेलात?”

तोंडात कापूस होता. मी तो काढण्याची घाई केली नाही.