बाजूला बसण्याचे दिवस

लग्नाआधी मी साताऱ्यात नोकरी करायची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या वेळात मला कुणी भाकरी थापायला हाक मारायचं नाही. ही केवढी मोठी चैन होती हे लग्न होईपर्यंत कळलं नाही.

काम होतं ट्रेसरचं. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा बोर्डावर लावायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने रेघ न रेघ वर उतरवायची. त्यावरून मग निळ्या छपाईच्या प्रती निघत. हे कापड खळ दिलेलं असायचं, काचेसारखं पारदर्शक. ओला हात लागला की तिथली खळ विरघळून पांढरा डाग पडायचा आणि तो काही केल्या जायचा नाही. सगळं कापड फेकून पुन्हा पहिल्यापासून.

लग्न होऊन मी सांगलीकडे आले. मिरजेच्या अलीकडचं गाव, नवरा फौजेत, घरी सासू-सासरे. थोडा ऊस आणि विहिरीजवळ पानमळा. नोकरी सुटलीच होती. पण आमच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त होऊन सांगलीत खासगी कामं घेऊ लागले होते. ते उपसा योजनांचे दिवस होते, जो तो नदीचं पाणी वर चढवायच्या खटपटीत. साहेबांनी निरोप धाडला, घरी बसून करणार का? नकाशे पत्र्याच्या नळीत घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे देतील, मी स्टँडवरून घ्यायचे, पुरे झाले की तशीच नळी परत. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मानेनंच हो म्हटलं. नवऱ्याने तिकडून पत्रात लिहिलं, तुला बरं वाटत असेल तर कर. बरं वाटायचा प्रश्नच नव्हता. ते काम सोडून त्या गावात माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

घरी बसून काम म्हणजे काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. बाई घरात दिसते ना, मग ती रिकामीच. पेन शाईत बुडवलं की हाक आलीच. “सूनबाई, जरा पानी वढून दी.” “आगं, दूध उतू चाललंय, बघ की.” चुलतजाऊ ताक मागायला यायची आणि बोर्डासमोर फतकल घालून बसायची. “काय गं ह्या रेघुट्या? जरा माझ्या पोराच्या अंगड्याला टाका घाल, हात बसलाय तुजा.” मी उठायची, हात ओले व्हायचे, ते पदराला पुसायचे, मग वाळेपर्यंत वारा घालत बसायचं. पुन्हा बसले की मघाची रेघ कुठं सोडली होती ते शोधायचं. दिवसाकाठी वीतभर कालवा पुरा झाला तरी मोप. संध्याकाळी अंग इतकं आंबून जायचं की जेवणसुद्धा नकोसं वाटायचं, आणि सांगायला जावं तर दिवसभर केलं काय? बसलेच होते.

मला मोकळीक मिळायची ती फक्त महिन्यातून एकदा. कावळा शिवला की.

आमच्याकडे बाहेरच्या बाईला सोप्याच्या टोकाला घोंगडं टाकून बसवत. ताट-वाटी वेगळी, चहा वरून ओतायचा, चुलीकडे फिरकायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या घरांत अशा बायकांना रानात खुरपायला तरी धाडत, पण आमच्या पानमळ्यात बाहेरच्या बाईची सावलीसुद्धा चालायची नाही, वेल जळतात म्हणे. म्हणजे मी कुठल्याच कामाची नाही. बायका या दिवसांना वैतागायच्या. मी वाट बघायची. बोर्ड घोंगड्याजवळ ओढून घ्यायचा आणि दिवसभर हात कोरडे. पोट दुखायचं, कंबर धरून यायची, पण रेघ कशी सरळ जायची. पहिल्या वेळी सासू लांब उभी राहून बघत होती. मी तिला आत्याबाई म्हणायची.

“ह्या कापडाला शिवल्यालं चालतं व्हय?” तिनं विचारलं.

“चालतं, आत्याबाई.”

“बरं हाय बया साहेबाचं,” म्हणाली आणि निघून गेली.

मी साहेबांना कळवून कामं त्याच दिवसांत येतील असं बघायची. कारण अर्थात सांगितलं नव्हतं. पण उपसा योजना माझ्या अंगाचा हिशेब बघून थोड्याच निघतात! एकदा भलत्याच आठवड्यात मोठा नकाशा आला. पंपघरापासून माळावरच्या टाकीपर्यंतची सगळी पाइपलाइन, आणि निरोप असा, की बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीने परत हवा, नाहीतर यापुढे काम सांगलीतच दुसऱ्या कुणाला देईन. साहेबांचा राग खोटा नव्हता. मागचे दोन नकाशे मी उशिराच धाडले होते.

नेमके त्याच दिवशी मेढ्याकडचे पाहुणे आले. दिवसभर चहा, पुरणाचा घाट, उष्टी-खरकटी. मधेमधे येऊन मी एक-दोन रेघा ओढायची. दिवस मावळायला जवळपास निम्मं काम झालं होतं. तेवढ्यात आतून पाण्यासाठी हाक आली, मी कळशी भरून घाईनं आत जाताना कापडाचा उडालेला कोपरा सावरायला गेले, आणि माझी ओली बोटं नेमकी पंपघरावर उमटली. चार पांढरे ठसे. मी तिथंच खाली बसले. रडूसुद्धा येईना, इतकी दमले होते. आत्याबाई हाक मारून मारून शेवटी स्वतः बाहेर आली. तिनं कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली कळशी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतजाऊ दारात आली. त्यांच्याकडे शेवया करायच्या होत्या, मला न्यायला आली होती. मी उठणार एवढ्यात आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाली, “तिला न्हाई जमायचं. कावळा शिवलाय तिला.”

मी जागच्या जागी गार. डोक्यावरून पाणी घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. जाऊ चुकचुकली आणि गेली. आत्याबाईनं घोंगडं आणून टोकाला टाकलं, बोर्ड आणायला मला खुणेनं सांगितलं. मग तिनं सगळं रीतसर केलं. वेगळी कपबशी काढली, चहा वरून ओतला, मामंजी समोरून आले तर “लांबनं जावा, आवं” म्हणून त्यांनाही दटावलं. मी हळूच म्हटलं, “आत्याबाई, घरात देव आहेत, आणि असं खोटं...”

“देवाला म्या सांगितलंय,” ती म्हणाली. “त्येला ठावं हाय. तू तुजं बघ.”

नकाशा पहिल्या गाडीने गेला.

त्यानंतर हे चालूच राहिलं. माझे खरे दिवस वेगळे आणि आत्याबाईनं पाडलेले वेगळे. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. नळी आली की ती नुसती नळीकडे बघायची आणि घोंगडं काढायची. त्या दिवसांत पाणी, धारा, चूल, भाकरी सगळं तिच्या एकटीवर. साठीच्या घरातली बाई. मी रेघा ओढत असायची आणि आतून तिच्या कण्हण्याचा आवाज यायचा, कळशी उचलताना, वाकताना. माझ्या त्या एकाग्रतेचं साहेब फार कौतुक करायचे. हात फार स्थिर आहे म्हणायचे. तो हात कुणाच्या कंबरेवर स्थिर होता ते मला रोज ऐकू येत होतं, आणि ऐकूनही मी उठत नव्हते. उठले असते तर तिनंच ओरडून बसवलं असतं.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. पाणवठ्यावर बायका आत्याबाईला गाठायच्या. “तुमच्या सुनंला सारखंच कसं वं? दावा कुनाला तरी. आशानं पोर कवा व्हायचं?” आत्याबाईला नातवाची केवढी हौस होती ते सगळ्या गावाला माहीत. पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा तिनं वळून ठेवल्या होत्या. तरी ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि घागर डोक्यावर घेऊन घरी यायची.

पुढे नवरा सुट्टीवर येऊन गेला. तो गेल्यावर माझे दिवस चुकले. मी कुणाला सांगितलं नाही. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागोमाग जो विचार आला तो असा, की आता बाजूला बसणं संपलं. गरोदर बाईला कावळा शिवत नाही. आणि साहेबांकडून तर आजवरचं सगळ्यात मोठं काम आलं होतं, दोन गावांची मिळून एक योजना, नकाशांची चळत. ते परत पाठवावं लागणार होतं. एकदा पाठवलं की पुन्हा येणार नव्हतं.

मी नळी उघडून तशीच बसले होते. आत्याबाई धान्य पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “कितवा?”

मी मान खाली घातली. “दुसरा लागला.”

सूप थांबलं. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोळे भरून आले होते तिचे. मग पदराने ते पुसले आणि नळीकडे बघितलं.

“हे कवा द्यायचं हाय?”

“दोन महिने तरी लागतील, आत्याबाई. मी परत धाडते.”

“धाडू नगंस.” ती कंबरेवर हात ठेवून उठली. “दिसायला आजून लय येळ हाय. तवर कुनाला बोलू नगंस, मामंजींना बी न्हाई. पेढं काय, मागनं बी वाटता येत्यात.”

तिनं घोंगडं काढून टोकाला अंथरलं. मी बोर्डावर पहिलं कापड ताणत होते तोच चुलतजाऊ ताकाला आली. घोंगडं बघून दारातच थबकली.

“आवं, ह्या म्हैन्यात बी न्हाई व्हय?”

“न्हाई गं बाई,” आत्याबाई म्हणाली. “आमचं नशीब.” आणि ताक आणायला आत गेली.